पेरय्यांची वाट

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार रयतेला मोकळं करून दिलं आणि त्यांच्यावर संकट ओढवलं, तेव्हा विठोबा विठू महाराच्या वेषात काठी-घोंगडी घेऊन बिदरला गेला आणि दरबारात मोहरांची थैली रिती करून पावती घेऊन आला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देवाला बिदरच्या दरबारात जायचं होतं तर तो सरदार होऊन का गेला नाही, हा प्रश्न कीर्तनकार सहसा विचारत नाहीत. या मुलखात मात्र देवाने असा वेष घेणं नवल नव्हतं. याच बिदर जिल्ह्यातल्या कल्याणात बाराव्या शतकात हरळय्या नावाचे चांभार शरण, म्हणजे बसवण्णांच्या पंथातले शिवभक्त, होऊन गेले. बसवण्णांनी त्यांच्या नमस्काराला दुहेरी नमस्कार केला, तो भार सोसेना म्हणून हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे त्यांच्यासाठी शिवले, असं शरणांच्या चरित्रांत सांगतात. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण घरातून आलेल्या मधुवरसांची मुलगी यांचं लग्न झालं, राजा बिज्जळाने दोन्ही व्याह्यांना देहदंड दिला आणि कल्याण पेटलं.

कातडं कमावणारा माणूस धर्माची गोष्ट बोलतो आणि गाव हादरतं, हा प्रसंग दख्खनच्या या पट्ट्यात एकदाच घडलेला नाही. एकोणिसाव्या शतकात तो पुन्हा घडला, आणि त्या वेळी तो घडवणाऱ्यांना ‘उपदेशक’ म्हणत. मिशनच्या इतिहासांत त्यांचा उल्लेख बहुधा ‘देशी मदतनीस’ असा येतो आणि साहेबाचं नाव मोठ्या अक्षरात येतं. माझं म्हणणं असं, की खेड्यातला ख्रिस्ती धर्म या मदतनिसांनी उभा केला आणि साहेब त्यांच्या मागून आला. हे म्हणणं तपासून पाहायचं तर बिदर-कलबुर्गीच्या पूर्वेला, तेलुगू मुलखात जायला हवं. तिथल्या एका बॅप्टिस्ट उपदेशकाची हकिगत, त्याच्या माणसांनी सांगितली तशी, लिहून ठेवलेली आहे. यर्रगुंटला पेरय्या हे त्यांचं नाव.

त्याआधी बॅप्टिस्ट म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगतो. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून होणारा बाप्तिस्मा हे लोक मानत नाहीत. जाणत्या माणसाने आपल्या तोंडाने विश्वास कबूल करावा आणि मग नदीत किंवा तळ्यात पूर्ण बुडून बाहेर यावं, असा त्यांचा आग्रह. मराठीशी त्यांचं नातं जुनं आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला राहून विल्यम केरी यांनी पंडित वैद्यनाथांच्या मदतीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मोडी टाइपात कोश काढला आणि १८११ साली नवा करार मराठीत आणला. ते केरी बॅप्टिस्ट होते, आणि इंग्लंडात असताना त्यांचा धंदा जोडे शिवण्याचा होता.

पेरय्यांचाही धंदा कातड्याचाच. तेलुगू मुलखातल्या ओंगोल शहराच्या पश्चिमेला चाळीसेक मैलांवर तल्लकोंडपाडू नावाचं गाव आहे, तिथले ते मादिगा. मादिगा म्हणजे आपल्याकडच्या बलुतेदारीत मांग आणि चांभार मिळून जी कामं करत, ती कामं करणारी जात: मेलेलं जनावर ओढणं, कातडं कमावणं, शेतमालक रेड्ड्यांच्या विहिरींसाठी मोटा आणि नाडे पुरवणं, जोडे शिवणं, जत्रेत वाद्य वाजवणं. बदल्यात सुगीला खळ्यावरचं धान्य. बिदर-कलबुर्गीतही मादिग आहेत, सीमेअलीकडे मांग आहेत. मांग आपलं मूळ जांबऋषीपर्यंत नेतात आणि मादिगा जांबवंतापर्यंत. भाषा बदलते, राज्य बदलतं, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीत ऐकू येणारी मूळपुरुषाची गोष्ट फारशी बदलत नाही.

पेरय्या नुसते चर्मकार नव्हते. ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी ते राजयोगी पंथाचे साधक होते आणि त्यांचे स्वतःचे शिष्य होते. त्यांच्या गुरूंमध्ये बंडीकाट्ला वीरम्मा नावाची एक बाई होती. मादिगांच्या वस्तीत बाई गुरू होते, ध्यान शिकवते, देव एकच आहे आणि तो मूर्तीत नाही असं सांगते. हे वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावंसं वाटतं. ‘अज्ञान अंधारात चाचपडणारे’ असं ज्यांचं वर्णन मिशनच्या जुन्या पत्रकांत येतं, त्या माणसांजवळ असा ठेवा होता. पोतुलूरी वीरब्रह्मांची भविष्यवाणी तेलुगू वस्त्यांमधून फिरत होती, शिवयोगी फिरत होते, रामानुजी दासरी फिरत होते. आपल्याकडे कबीरपंथी, नाथपंथी आणि वारकरी फिरत होते, कर्नाटकात शरणांची वचनं फिरत होती. गुरू वस्तीत येई, चार दिवस राही, लोक त्याला जेवू घालत, तो मंत्र देई आणि पुढच्या गावी जाई. धर्म असा पायांवर चालत येतो, याची या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सवय होती.

१८६०नंतरच्या वर्षांत पेरय्या कातड्याच्या व्यापारासाठी उत्तरेला एल्लूरकडे गेले. तिथे अब्राहम नावाचा एक नातलग त्यांना भेटला. तो अँग्लिकन मिशनरी अलेक्झांडर यांच्याकडे जाऊन ख्रिस्ती झाला होता. म्हणजे येशूचं नाव पेरय्यांच्या कानी प्रथम पडलं ते व्यापाराच्या पेठेत, आपल्याच जातीच्या, आपल्याच सोयऱ्याच्या तोंडून. गोदावरीच्या भागात बाउडेन नावाचे मिशनरी होते. त्यांनी सांगितलं की ओंगोलला लवकरच एक माणूस येईल, त्याला भेट. पेरय्या घरी आले, आणि अनेक दिवस योगी म्हणून बसत तसेच बसून नव्या नावाने प्रार्थना करू लागले. पत्नी नागम्मा सुरुवातीला गोंधळल्या आणि मग त्याही बसू लागल्या. १८६६ साली लायमन जुएट या ज्येष्ठ मिशनऱ्यांनी दोघांना एकत्र बाप्तिस्मा दिला.

त्याच वर्षी सप्टेंबरात जॉन क्लफ हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी ओंगोलला राहायला आले. पंचवीस-तीस वर्षं चाललेल्या या तेलुगू मिशनला तोपर्यंत इतकं थोडं यश आलं होतं की ते बंदच करावं, असा विचार अमेरिकेत पुन्हा पुन्हा होत असे. पेरय्या क्लफना भेटले आणि म्हणाले की माझ्या गावच्या आसपास दोनशेच्या वर माणसं तयार आहेत. जानेवारी १८६७ मध्ये क्लफ तिकडे गेले. चिंचेच्या झाडांखाली तळ पडला. आजूबाजूच्या गावांतून लोक शिधा आणि बाप्तिस्म्यानंतर नेसायची कोरडी वस्त्रं गाठोड्यात बांधूनच आले. साहेबाचं प्रवचन ऐकून त्यांना कुठलाही निर्णय घ्यायचा नव्हता, तो पेरय्यांच्या ओसरीवर आधीच झाला होता. पाच दिवसांच्या अखेरीला अठ्ठावीस जणांनी बाप्तिस्मा घेतला.

या अठ्ठाविसांनी क्लफपुढे पेच टाकला. ओंगोलमध्ये ब्राह्मण आणि इतर वरच्या जातींची काही मंडळी त्यांच्याकडे आस्थेने येत होती. मुलं शाळेत पाठवत होती. त्यांनी साफ सांगितलं की मादिगांना घेत असाल तर आम्ही येणार नाही. क्लफ आपल्या खोलीत गेले आणि समोर पडलेला नवा करार उघडला, तर करिंथकरांस पहिल्या पत्रातला, जगाने हलकं मानलेल्यांना देवाने निवडलं असं सांगणारा भाग डोळ्यांसमोर आला. त्यांच्या पत्नी हॅरिएट दुसऱ्या खोलीत होत्या आणि त्यांनीही नेमकं तेच पान उघडलं होतं, असं क्लफ पुढे आयुष्यभर सांगत. मादिगांना घ्यायचं ठरलं, ब्राह्मणांची मुलं शाळेतून गेली. मिशनरी चरित्रांत हा प्रसंग ईश्वरी संकेत म्हणून येतो. त्याला माझी हरकत नाही. पण पेरय्या तिथे आधीच उभे नसते, तर त्या पानाचा अर्थ लावण्याची वेळ क्लफवर आली नसती.

नव्या ख्रिस्ती माणसाकडून तीन गोष्टींची अपेक्षा होती: रविवारी काम करायचं नाही, मेलेल्या जनावराचं मांस खायचं नाही, मूर्तीची पूजा करायची नाही. शहरात बसून वाचताना हे सोपे नियम वाटतात. बलुत्याच्या व्यवस्थेत यातल्या प्रत्येक नियमाने गावाच्या एका हक्काला हात घातला होता. मादिगाने रविवारी मोट दुरुस्त केली नाही की रेड्ड्याचं शेत तहानतं. मेलेलं जनावर खात नाही म्हटलं की ते ओढून नेण्याच्या कामाचा मोबदलाच बदलतो. देवीच्या जत्रेत वाद्य वाजवलं नाही की जत्राच अडते. म्हणून विहिरी बंद झाल्या, परीट-न्हाव्याला मनाई झाली, वाण्याने मीठ-मिरची देणं थांबवलं, चोरीचे खोटे आळ घेऊन माणसं चौकीवर नेली. महाडला १९२७ साली जे उघड उघड घडलं आणि मृत जनावरांचं मांस सोडण्याविषयी डॉ. आंबेडकरांनी जे बजावलं, त्याची ही साठ वर्षं आधीची, तेलुगू खेड्यातली, कुणाला फारशी ठाऊक नसलेली आवृत्ती म्हणता येईल.

एका गोष्टीचं मला वाईटही वाटतं. वाद्य सोडताना या लोकांनी आपली कलाही गावच्या जुलमासोबत सोडून दिली. वाजवण्याची सक्ती आणि वाजवण्याचं कसब एकमेकांत इतकं गुंतलं होतं की एक टाकताना दुसरं राखता आलं नाही. पुढच्या पिढ्यांनी भजनांत ते थोडंबहुत परत मिळवलं.

पेरय्यांनी आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या उपदेशकांनी या दिवसांत जे केलं, ते कुठल्याही धर्मशास्त्राच्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. गुरू फिरत तसेच ते फिरले. कातडं विकत घ्यायला ज्या गावी जायचं, त्याच गावी रात्री वस्तीत बसून बोलायचं. ज्या गावी मुलगी दिली आहे, तिथे जावई आणि व्याही आधी ऐकत. नकाशावर ही हालचाल काढली तर ती मिशनच्या ठाण्यांवरून जात नाही, सोयरिकीच्या गावांवरून जाते. उपदेशकाच्या पोटापाण्याचा काही भाग वस्तीने उचलायचा, असा क्लफ यांचा प्रयत्न असे. तोही गुरूला जेवू घालण्याच्या जुन्या रिवाजावर बेतलेला होता. दर तीन महिन्यांनी सगळे उपदेशक ओंगोलला जमत, कुठल्या गावात कोण आजारी, कुणाची विहीर बंद, कोण डळमळतोय, याची हकिगत सांगत, काही दिवस शिकत आणि पुन्हा पांगत. क्लफ यांचं मोठेपण असं, की त्यांनी ही घडी मोडली नाही. तरुणपणी त्यांनी अमेरिकेत जमीन मोजणीच्या तुकडीत काम केलं होतं, आणि जमिनीचा उतार ओळखून रेषा आखायची त्यांची सवय इथे कामी आली.

मग दुष्काळ आला. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ मद्रास, म्हैसूर, मुंबईचा दख्खन आणि निजामाचं राज्य सगळ्यांना होरपळून गेला. निजामाच्या हद्दीत गुलबर्गा (आजचं कलबुर्गी), लिंगसुगूर, रायचूर हे भाग पोळले. सरकारच्या वतीने सर रिचर्ड टेंपल यांनी कष्टाच्या कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा एवढ्यावर आणून ठेवलं. तीच ती ‘टेंपल मजुरी’. क्लफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैल लांबीच्या खोदकामाचा ठेका घेतला, राजुपालेम इथे छावणी उभारली आणि उपदेशकांना मुकादम नेमलं. दुसऱ्या ठिकाणी मुकादमाच्या शिव्या आणि दंड सोसावे लागत. इथे मुकादम आपल्यातलाच होता, दुपारी टोपली खाली ठेवल्यावर तो शेजारी बसून बोलत असे. लांबलांबच्या गावांचे, वेगवेगळ्या वस्त्यांचे मादिगा या छावणीत महिनोन्‌महिने राहून गेले, आणि परत जाताना उपदेशकांची नावं आणि त्यांचं बोलणं घेऊन गेले.

‘तांदळासाठी ख्रिस्ती झाले’ हा आरोप इथून निघतो. तो आजही चौकाचौकात ऐकू येतो, म्हणून वस्तुस्थिती नीट सांगायला हवी. दुष्काळ चालू असताना जवळजवळ पंधरा महिने क्लफ यांनी एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. लोक मागत होते आणि ते नाही म्हणत होते. पाऊस पडला, मदत संपली, वाटायला धान्य उरलं नाही, त्यानंतर १८७८ च्या जून-जुलैत लोक थव्यांनी आले. ओंगोलपासून जवळच, गुंडलकम्मा नदीच्या काठी, वेलमपल्ली इथे २ जुलैला ६१४ जणांनी, ३ जुलैला २,२२२ जणांनी आणि ४ जुलैला ७०० जणांनी बाप्तिस्मा घेतला. वर्षाअखेर हा आकडा ९,६०६ वर गेला. ३ जुलैला सहा उपदेशक पाळीपाळीने, दोघे-दोघे पाण्यात उतरत होते. सकाळी सुरू झालेलं काम दुपारी थोडं थांबून संध्याकाळपर्यंत चाललं. क्लफ यांनी स्वतः त्या दिवशी एकालाही बाप्तिस्मा दिला नाही, ते काठावर देखरेखीला होते. पाण्यात उभे होते ते तेलुगू उपदेशक, आणि ते ज्या वस्त्यांमधून आले होते तिथली सावलीही गाव टाळत असे.

पोटाचा प्रश्न या सगळ्यात नव्हता असं मी म्हणणार नाही. ज्याने उपासमारीत आपल्याला माणसासारखं वागवलं, त्याचा देव खरा मानणं हे भुकेल्या माणसाचं लबाडपण कसं काय ठरतं? दामाजीपंतांच्या कथेतही भक्ती आणि धान्याचं कोठार वेगळं काढता येत नाही.

इकडे निजामाच्या मराठी जिल्ह्यांत याच दशकांत वेगळा प्रयोग चालला होता, आणि तो करणारे गृहस्थही वेगळ्या घरातून आले होते. नारायण शेषाद्री हे परळीकर ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकताना सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांनी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला, वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने अल्पवयीन मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. त्या वादात मुंबई इतकी गुंतली की ज्याच्यामुळे तो सुरू झाला, तो थोरला भाऊ पुढे काय करतोय याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. नारायण शेषाद्रींना १८५४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुढच्या दशकात ते जालन्याला गेले. ते बॅप्टिस्ट नव्हते, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे होते. पण त्यांचं उरलेलं आयुष्य खेड्यातल्या उपदेशकाचंच गेलं.

जालन्याच्या आसपास त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग. परळीकर ब्राह्मण मांगवाड्यात जाऊन बसतो, पाणी पितो, जेवतो, हे १८६० च्या दशकात मोगलाईतल्या मराठी खेड्याने पाहिलं. पण पेरय्यांना जे आयतं होतं ते शेषाद्रींजवळ नव्हतं. त्या वस्त्यांमध्ये त्यांचा सोयरा कुणी नव्हता. बहिष्कार पडला की माणसांनी जायचं कुठे, याला त्यांनी शोधलेलं उत्तर जमिनीचं होतं. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि बेथेल नावाचं गावच वसवलं. विहिरी, शेती, शाळा, प्रार्थनामंदिर, कारागिरी. जिथे विहीर बंद करायला कुणी पाटील नाही, असं गाव. १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तिथे पांढरं पागोटं बांधलेले शेषाद्री व्यासपीठावर उभे राहिले आणि इंग्रजीत बोलले. विवेकानंदांच्या शिकागोच्या भाषणाला तेव्हा वीस वर्षं अवकाश होता. १८९१ साली त्यांचं निधन झालं.

दोन वाटा अशा समोरासमोर येतात. पेरय्यांची माणसं आपापल्या गावातच राहिली, रोजच्या रोज रेड्ड्याच्या तोंडाला तोंड देत राहिली. शेषाद्रींच्या माणसांना सुरक्षित गाव आणि कसायला जमीन मिळाली, पण ती आपल्या भाऊबंदांपासून दूर झाली. बेथेल टिकलं, पण त्या एका गावातून दहा गावं झाली नाहीत. ओंगोलकडून मात्र उपदेशक पसरत गेले. त्यांची जमीन कधीच त्यांची झाली नाही, हेही तितकंच खरं आहे. जमिनीचा प्रश्न शेषाद्रींना दिसला होता, आणि मला वाटतं तो ओळखण्यात ते काळाच्या बरेच पुढे होते.

बॅप्टिस्टांनी निजामाच्या राज्यात पाऊल टाकलं ते पूर्वेकडून. १८७५ साली सिकंदराबाद, १८७९ साली हणमकोंडा, १८८५ साली पालमूर, म्हणजे आजचं महबूबनगर, १८९० साली नलगोंडा. नलगोंड्याला आलेले अब्राहम फ्रीसन हे रशियातल्या मेनोनाइट वसाहतीतले होते. प्रत्येक ठिकाणी साहेबासोबत किंवा साहेबाच्या आधी ओंगोल-नेल्लूरकडून तयार होऊन आलेले तेलुगू उपदेशक होते. पालमूरची हद्द तेव्हा गुलबर्गा-रायचूरला लागत असे. त्यापलीकडचा मुलूख मिशनांनी आपसांत वाटून घेतला होता. मेदक वेस्लियनांकडे गेलं आणि विकाराबाद, बिदर, गुलबर्गा मेथडिस्टांकडे. म्हणून बिदर-कलबुर्गीच्या खेड्यात आज जुनं प्रार्थनामंदिर दिसलं तर ते बहुधा मेथडिस्ट असतं. पाटी वेगळी असली तरी आतली घडण पेरय्यांच्या वळणाची: वस्तीतलाच एक माणूस, थोडं शिकलेला, मुलांना अक्षरं शिकवणारा, म्हणून ‘मास्तर’ही आणि ‘पाळक’ही, आठ-दहा गावांची फेरी करणारा. त्याची बायको बायकांत बसून गोष्टी सांगणारी, आजाऱ्याच्या उशाशी जाणारी. नागम्मांनी तल्लकोंडपाडूत जे केलं, ते पुढे ‘बायबल बाई’ या हुद्द्याने चालू राहिलं.

या सीमाभागातल्या उपदेशकावर भाषेचा भार विलक्षण होता. भालकी, औराद, बसवकल्याणकडे मराठी, हुमनाबाद-चिंचोळीकडे कन्नड, जहीराबाद-तांडूरकडे तेलुगू, आणि कचेरीत उर्दू. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि उर्दूत पदं रचली ती याच गरजेतून. एका बाजारच्या दिवशी चारही भाषा कानावर पडतात तिथे एकाच भाषेत देव सांगून भागत नाही. १९२३ पासून विकाराबादजवळच्या धारूर इथे मेथडिस्टांची वार्षिक सभा भरू लागली. तिला सगळे ‘धारूर जत्रा’च म्हणतात. बैलगाड्या जोडून, पोरंबाळं घेऊन, झाडाखाली चुली मांडून लोक राहत. जत्रेत वाद्य वाजवण्याची सक्ती ज्यांनी नाकारली, त्यांनी आपली स्वतःची जत्रा उभी केली.

मेदकला चार्ल्स पॉस्नेट यांनी दुष्काळी काम म्हणून सुरू केलेलं प्रचंड देवालय २५ डिसेंबर १९२४ ला खुलं झालं. त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. खेड्यातल्या मास्तर-पाळकाचं घर मात्र कुडाचं राहिलं, पगार वेळेवर येण्याची खात्री नव्हती, आणि साल चांगलं नसलं की वस्तीकडून मिळणारं धान्यही आटे. मेथडिस्ट मिशनरी जे. वासकम पिकेट यांनी भारतातल्या समूहधर्मांतरांचा अभ्यास केला, त्यात विकाराबादचा भागही होता. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचा मुख्य निष्कर्ष असा, की माणसं कुठल्या हेतूने आली यापेक्षा आल्यानंतर त्यांना कुणी, किती काळ शिकवलं यावर पुढचं सगळं ठरलं. म्हणजे या कुडाच्या घरातल्या माणसावर ठरलं. १९६८ साली पी. वाय. ल्यूक आणि जॉन कारमन यांनी मेदककडच्या खेड्यांचा अभ्यास छापला, तेव्हा त्यांना ख्रिस्ती घरांतून गावदेवीचे मानपान, जुने सण आणि नवी उपासना शेजारी-शेजारी नांदताना दिसली. काहींना यात अपुरं धर्मांतर दिसतं. ज्या लोकांमध्ये राजयोगी पेरय्या ध्यानाच्याच आसनावर बसून येशूची प्रार्थना करायला शिकले, त्यांच्याबाबत मला त्यात काही विसंगत वाटत नाही.

पेरय्यांची हकिगत आपल्यापर्यंत पोहोचली याचं श्रेय एका बाईंना आहे. एम्मा राउशेनबुश या मिशनमध्ये काम करत होत्या आणि १८९४ साली त्यांनी क्लफ यांच्याशी लग्न केलं. अमेरिकेतले समाजवादी वळणाचे ख्रिस्ती विचारवंत वॉल्टर राउशेनबुश हे त्यांचे भाऊ. म्हाताऱ्या झालेल्या उपदेशकांना आणि त्यांच्या बायकांना समोर बसवून त्यांनी विचारलं, की तुम्ही आधी कुणाला मानत होता, तुमचे गुरू कोण, तुम्हाला हे प्रथम कुणी सांगितलं. १८९९ साली त्याचं पुस्तक झालं आणि त्याच्या नावात त्यांनी चपला शिवण्याचा उल्लेख केला. वीरम्मा, अब्राहम, नागम्मा ही नावं त्यामुळे उरली. साहेबाने पाठवलेल्या वार्षिक अहवालांत त्या जागी फक्त आकडे असतात.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली आणि तिच्यात हिंदू धर्म मानणारेच राहतील असं कलम आलं. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला: उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात (आज महाराष्ट्रात), जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, बाकीचा म्हैसूर राज्यात. एकाच उपदेशकाची फेरी, एकाच कुटुंबाच्या सोयरिकी तीन राज्यांत गेल्या. तिन्हीकडे प्रश्न मात्र एकच आला. दाखला काढताना धर्म लिहायचा की जात? ख्रिस्ती म्हटलं की अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्ती आणि राखीव जागा जातात, आणि नाही म्हटलं तर आजोबांनी ज्या विहिरीसाठी मार खाल्ला त्या विश्वासाचं नाव कागदावरून पुसलं जातं. गावाने मात्र ख्रिस्ती लिहिणारा आणि न लिहिणारा, दोघांनाही मादिगच मानलं, पाणी वाढताना त्याने कधी दाखला पाहिला नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर नवा आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत दिली, आणि ती मुदत पुढे वाढवावी लागली.